अर्जंट केअर की इमर्जन्सी रूम? अमेरिकेतील मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील रुग्णालयांसाठी मी फोनवरून मराठी दुभाषी म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही आणि पुढील मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र मराठी घरांतून तेच ते प्रश्न, बहुधा रात्री आणि बहुधा उशिरा, विचारले जाताना मी ऐकत आले आहे. त्यांतील बरेचसे प्रश्न सहा महिन्यांसाठी मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांविषयी असतात, म्हणून या पानाचा कलही तिकडेच आहे.

अर्जंट केअर म्हणजे आपल्याकडची कॅज्युअल्टी का?

नाही, आणि बहुतेक घोटाळा या नावामुळेच होतो. ‘अर्जंट’ हा शब्द ऐकून पुण्याहून किंवा नाशिकहून आलेल्या माणसाला ती जिवावर बेतलेल्या दुखण्याची जागा वाटते. प्रत्यक्षात ती फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याच्या अधिक जवळची आहे. फरक इतकाच की तिथे आधी वेळ ठरवून जावे लागत नाही. दुकानांच्या रांगेत, किराणा दुकान आणि सलून यांच्या मध्ये, साधारण सकाळी आठ ते रात्री आठ उघडे असणारे असे हे केंद्र असते. तिथे डॉक्टर असतोच असे नाही. पुष्कळदा फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर तपासतात आणि साध्या आजारांसाठी त्यांचे ज्ञान पुरेसे असते. एक्स-रे, लघवीची तपासणी, घशाची, फ्लूची आणि कोविडची झटपट चाचणी, टाके घालणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, दम्यासाठी नेब्युलायझर एवढे तिथे होते. काही ठिकाणी ईसीजीही काढतात. सीटी स्कॅन, तातडीची शस्त्रक्रिया, हृदयतज्ज्ञ आणि रात्रभराची देखरेख या गोष्टी मात्र तिथे मिळत नाहीत.

आपल्या कॅज्युअल्टीला इथे इमर्जन्सी रूम किंवा नुसते ‘ईआर’ म्हणतात. ती सहसा रुग्णालयाला जोडलेली असते आणि चोवीस तास उघडी असते.

मग कुठे जायचे, हे कशावरून ठरवावे?

किती दुखते आहे, यावरून ठरवू नये. मूतखड्याने माणूस गडाबडा लोळतो आणि तरी बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. पक्षाघातात बहुधा दुखत काहीच नाही, फक्त हातातला चहाचा कप खाली पडतो. त्यामुळे दुखण्याच्या तीव्रतेऐवजी दोन गोष्टींचा विचार करावा. आपल्या मनात जी सर्वांत वाईट शंका आहे, ती खरी निघाली तर काही तासांच्या उशिराने कायमचे नुकसान होईल का? आणि ती शंका खरी की खोटी हे ठरवण्यासाठी लागणारे यंत्र अर्जंट केअरमध्ये आहे का? पहिल्याचे उत्तर ‘होईल’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर अर्जंट केअरच्या दारात गाडी लावण्यात वेळ घालवू नये.

कान दुखणे, घसा बसणे, लघवीला जळजळ, मुरगळलेला घोटा, स्वयंपाक करताना सुरीने कापलेले बोट, अंगावर उठलेले पुरळ, दोन दिवसांचा साधा ताप ही अर्जंट केअरची कामे आहेत. त्याहून कमी घाईची कामे, म्हणजे संपलेली औषधे किंवा महिनाभरापासून दुखणारा गुडघा, प्रायमरी केअर डॉक्टरकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, न्यावीत.

कोणत्या लक्षणांवर एक क्षणही विचार न करता ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करावा?

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, विशेषतः त्याबरोबर घाम, मळमळ किंवा दम लागणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातली ताकद अचानक जाणे, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे, एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे, आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी उठलेली डोकेदुखी, शुद्ध हरपणे, पहिल्यांदाच आलेली किंवा पाच मिनिटांत न थांबलेली फिट, दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच आणि त्यासोबत भोवळ, काही खाल्ल्यानंतर ओठ-जीभ सुजून घसा आवळणे.

पक्षाघाताच्या बाबतीत घड्याळाला फार महत्त्व आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हे तास लक्षणे दिसल्यापासून नव्हे, तर रुग्ण अखेरचा ठणठणीत दिसला त्या वेळेपासून मोजतात. बाबा रात्री दहाला नीट झोपले आणि सकाळी सहाला बोलणे अडखळलेले आढळले, तर घड्याळ दहापासूनच सुरू झाले असे धरतात. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीच्या साहाय्याने काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येते, म्हणून ‘आता उशीर झालाच आहे’ असे म्हणून घरी थांबण्यात अर्थ नाही. ‘अखेरचे नीट कधी पाहिले’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर देताना अंदाजाने वेळ पुढे-मागे करू नये.

वडिलांच्या छातीत जळजळ होते आहे. ॲसिडिटीच असेल, तर उगाच ईआरमध्ये कशाला?

या प्रश्नातला ‘उगाच’ हा शब्द मला फोनवर सर्वांत जास्त ऐकू येतो. आपल्याकडे छातीतल्या प्रत्येक दुखण्याला आधी गॅस म्हणायची पद्धत आहे: ओवा खाऊन होतो, इनो पिऊन होतो, डावीकडे कूस बदलून होते, आणि तोवर दोन-तीन तास निघून जातात. मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका अनेकदा छातीत कळ न येता येतो. जबड्यात, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये किंवा वरच्या पोटात दुखते, नुसताच दम लागतो किंवा दरदरून घाम येतो. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार तुलनेने लहान वयात होतो, म्हणून ‘अजून पन्नाशीही नाही’ हा दिलासाही फारसा खरा नाही. अँटासिडने बरे वाटले म्हणून हृदयाचा प्रश्न नाही, असेही सिद्ध होत नाही.

अशा दुखण्यात ईआरमध्ये पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढला जावा, असा वैद्यकीय दंडक आहे. पहिला ईसीजी स्वच्छ आला तरी काम संपत नाही. रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन, काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासावे लागते, कारण झटक्याच्या सुरुवातीला ते वाढलेले नसतेही. अर्जंट केअरमध्ये ईसीजी असला तरी ही दुसरी फेरी तिथे शक्य नसते. त्यामुळे तिथला तपासणारा बहुधा एकच गोष्ट करील: ९११ ला फोन. मग तो फोन आपण घरूनच केलेला काय वाईट? पुष्कळ आजोबांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असते आणि ती जिभेखाली ठेवली जातेच. ठेवली असेल तर किती वाजता ठेवली ते लिहून ठेवावे आणि ॲम्ब्युलन्ससोबत आलेल्या पॅरामेडिकना न विसरता सांगावे, कारण तिने रक्तदाब उतरतो. ॲस्पिरिन मात्र ९११ वरील व्यक्तीने विचारपूस करून सांगितली तरच चावून खायला द्यावी. पक्षाघाताची शंका असेल तेव्हा देऊ नये.

आई म्हणते, ‘जीव घाबरा होतोय.’ हे इंग्रजीत कसे सांगायचे?

इथे घाईघाईने केलेले भाषांतर फार महागात पडू शकते, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. या कामात येण्यापूर्वी माझ्या आईच्या वेळी मी ईआरच्या पहिल्या खिडकीपाशी ‘शी इज फीलिंग नर्व्हस’ असे सांगितले. नर्सने मान डोलावली, संगणकात चिंता अशा अर्थाचा शब्द टाईप केला, आणि आम्ही तासाहून अधिक काळ बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. पुढे रक्तदाब मोजायला आलेल्या दुसऱ्या नर्सने मनगट नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले, घड्याळाकडे पाहिले आणि काही न बोलता व्हीलचेअर आणली. आईच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत होते. आईने जे सांगितले ते अचूक होते. मी जे पोचवले ते चुकीचे होते.

म्हणून शब्दाला शब्द शोधण्याआधी आईलाच आणखी विचारावे. श्वास अपुरा पडतोय का? छातीत धडधडतंय का? घाम सुटलाय का? आणि जे उत्तर येईल ते सांगावे. ‘चक्कर येते’ यात भिंती फिरल्यासारखे वाटणे आणि डोळ्यांसमोर अंधारी येणे या दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि त्यांच्या तपासण्याही वेगळ्या असतात. ‘हात गळून गेला’ म्हणजे दमल्यामुळे सगळे अंग गळाले की फक्त उजव्या हातातून ताट सुटले, हे स्पष्ट करावे, कारण दुसरा अर्थ पक्षाघाताचा असू शकतो. ‘कणकण आहे’ असे सांगण्यापेक्षा तापमापकातील आकडा सांगावा. ‘कसंतरीच होतंय’ याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. पण कधी तक्रार न करणारी बाई असे म्हणत असेल, तर ‘ती एरवी अशी तक्रार करत नाही’ हे वाक्य अवश्य जोडावे. परिचारिकांना ते बरोबर कळते.

शून्य ते दहा या मापाने दुखणे किती, असेही विचारतात. आपल्या पिढीजात सवयीप्रमाणे आजी ‘सोसवतंय’ म्हणतात आणि मुलगा ‘तीन’ सांगतो. त्याऐवजी ‘दुखण्यामुळे रात्री झोप लागली नाही’, ‘पायऱ्या उतरता आल्या नाहीत’ असे सांगितलेले अधिक उपयोगी पडते.

सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषी विनामूल्य द्यावा, असा कायदा आहे आणि मराठीसाठी तो बहुधा फोनवर किंवा पडद्यावर मिळतो. ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ एवढे म्हणणे पुरते. हिंदी दुभाषी चालेल का, असे विचारले तर रुग्णालाच विचारून उत्तर द्यावे. वेदनेत माणूस मातृभाषेवर येतो.

हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. ॲम्ब्युलन्सऐवजी स्वतःच्या गाडीने न्यावे का?

वर सांगितलेल्या लक्षणांत नेऊ नये. ॲम्ब्युलन्समध्ये ईसीजी आणि शॉक देण्याचे यंत्र असते, आणि पॅरामेडिक वाटेतूनच रुग्णालयाला कळवतात, त्यामुळे हृदयाची किंवा पक्षाघाताची तुकडी आधीच तयार राहते. शिवाय कोणत्या रुग्णालयात ती सोय आहे हे त्यांना ठाऊक असते. सर्वांत जवळचे रुग्णालय योग्य असेलच असे नाही. मागच्या सीटवर वडिलांचे हृदय थांबले, तर गाडी चालवणारा मुलगा काय करणार?

भारतातून आलेल्या आईवडिलांना १०८ माहीत असतो. महाराष्ट्रात ती सेवा २०१४ पासून आहे. दिवसा मुले कामावर गेल्यावर घरात तेच असतात, म्हणून ९११ हा आकडा आणि घराचा पूर्ण पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावावा आणि ‘मराठी’ हा शब्द उच्चारला तरी दुभाषी जोडून देतात हे त्यांना समजावून ठेवावे. भारतात फोन लावताना ०११-९१ मध्ये एखादा आकडा चुकून भलतीकडे, म्हणजे ९११ ला, लागल्याची उदाहरणे घरोघरी आहेत. तसे झाल्यास घाबरून फोन ठेवू नये, ‘चुकून लागला’ असे सांगावे. नाहीतर ते उलट फोन करतात किंवा दारात पोलीस येतात.

घरच्या यंत्रावर रक्तदाब १९० आला. लगेच निघावे का?

छातीत दुखणे, दम लागणे, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा अंगाच्या एका बाजूस अशक्तपणा यांपैकी काहीही असेल तर निघावे, किंबहुना ९११ ला फोन करावा. यांपैकी काहीच नसेल तर आधी रुग्णाला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवावे आणि पुन्हा मोजावे. गोळी चुकली आहे का ते पाहावे. विमानप्रवास आणि वेळेतला फरक यांमुळे सकाळची गोळी रात्रीची होऊन पहिल्या आठवड्यात हे फार घडते. लक्षणांशिवाय वाढलेला रक्तदाब एकदम उतरवणे हितकारक नसते, त्यामुळे ईआरमध्येही बहुधा निरीक्षण करून घरी पाठवतात. आकडा चढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

मधुमेही रुग्णाची साखर कमी झाली किंवा उलट्या होत आहेत. काय करावे?

साखर ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यातून किंवा अर्धा कप फळांचा रस द्यावा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता ९११. भारतात सर्रास दिल्या जाणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे साखर उतरली असेल, तर ती चढल्यावर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर न थांबता डॉक्टरांना फोन करावा. वृद्ध किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या रुग्णाला ईआरमध्ये देखरेखीखाली ठेवणेच बरे.

उलट्यांबाबत एक बारकावा आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळी चालू असताना उलट्या, पोटदुखी आणि धाप असेल, तर ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचलेले असू शकते. ही तपासणी ईआरमध्येच होते, आणि गोळीचे नाव सांगितल्याखेरीज ती कोणाला सुचेलच असे नाही.

सासूबाई न्हाणीघरात पडल्या. चालता येते आहे, डोक्याला टेंगूळ आले आहे.

रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हा पहिला प्रश्न. वॉरफरिन, ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डोक्याला लागलेला मार वरून किरकोळ दिसला तरी सीटी स्कॅन लागतो, म्हणून ईआर. भारतातल्या पुष्कळ एकत्रित गोळ्यांत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही असतात आणि घरच्यांच्या लेखी ती नुसती ‘हार्टची गोळी’ असते. पाकिटावरचे घटक वाचावेत. औषध चालू नसले तरी वय पासष्टच्या पुढे असल्यास ईआरच योग्य. पडल्यावर उभे राहता येत नसेल आणि एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी असते. रुग्णाला उचलून गाडीत घालण्याचा प्रयत्न करू नये.

तरुण माणसाचे मनगट सुजले आणि बोटे नीट हलतात, तर एक्स-रेची सोय असलेले अर्जंट केअर पुरेसे आहे. हाड वाकडे दिसत असेल, बाहेर आले असेल किंवा बोटे थंड आणि बधिर झाली असतील तर नाही.

भारतातून परत आल्यावर ताप आला आहे. अर्जंट केअर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच जणांना चकित करते. तिथे फ्लू आणि कोविडची काडी नाकात घालतात, दोन्ही चाचण्या नकारात्मक येतात आणि ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवतात. मलेरिया, डेंगी आणि विषमज्वर यांचा विचार इथल्या तपासणाऱ्याच्या मनात आपोआप येत नाही, आणि मलेरियासाठीची रक्ततपासणी अर्जंट केअरमध्ये बहुधा होत नाही. मलेरियाचा ताप परतल्यावर काही आठवड्यांनी, व्हायवॅक्स प्रकारात तर काही महिन्यांनीही येऊ शकतो. म्हणून भारतवारीनंतर थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी अशा ठिकाणी जावे जिथे ही तपासणी होते, आणि रविवारी किंवा रात्री तो पर्याय ईआर हाच असतो. ‘मी अमुक तारखेला महाराष्ट्रातून परतलो, मलेरियाची आणि डेंगीची तपासणी हवी’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. डेंगीची शंका मिटेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घेऊ नये. इथे टायलेनॉल म्हणून मिळते ते आपले पॅरासिटामॉलच.

लहान मुलांसाठी नियम वेगळे आहेत का?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर बाळ हसतेखेळते दिसले तरी त्याला ईआरमध्ये न्यावे, आणि आधी विचारल्याशिवाय तापाचे औषध देऊ नये. त्याहून मोठ्या मुलांत तापाच्या आकड्यापेक्षा मूल कसे दिसते ते पाहावे. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, आपल्या आजी ज्याला ‘पोट उडतंय’ म्हणतात तसे दिसणे, ओठ निळसर होणे, आठ तासांत लघवी न होणे, हाक मारूनही डोळे नीट न उघडणे ही ईआरची लक्षणे आहेत. बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी होऊ न देता थेट ईआर गाठावी. ती अन्ननलिकेला दोन तासांतही भाजू शकते. शहरात मुलांचे स्वतंत्र रुग्णालय असेल तर त्याची ईआर निवडावी.

मुलाने आजोबांच्या गोळ्या खाल्ल्या असतील आणि ते शुद्धीवर असेल, तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. पाहुणे आजीआजोबा आणि झाकण सहज उघडणारी गोळ्यांची डबी एकाच घरात असेल, तर हा क्रमांक फोनमध्ये साठवलेला असावा.

गरोदरपणात?

आधी प्रसूतितज्ज्ञांच्या क्रमांकावर फोन करावा. तो रात्रीही उचलला जातो. सुरुवातीच्या महिन्यांत ओटीपोटात एका बाजूला कळ आणि रक्तस्राव असेल तर ईआर. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बहुतेक रुग्णालये थेट प्रसूती विभागात बोलावतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा वाढलेला रक्तदाब याला ‘जागरणामुळे असेल’ म्हणू नये; ईआरमध्ये जाऊन ‘नुकतीच बाळंत झाले आहे’ हे आधी सांगावे.

रात्रीचे दहा वाजले आहेत, अर्जंट केअर बंद आहे आणि काही ठरत नाही. कोणाला विचारावे?

विमा कार्डाच्या मागच्या बाजूला अनेकदा नर्स लाइनचा क्रमांक असतो आणि तो जवळपास कोणीच वापरत नाही. नर्स प्रश्न विचारून आज रात्री, उद्या सकाळी की आठवड्याभरात यांपैकी काय ते सांगते. प्रायमरी केअर डॉक्टरच्या क्रमांकावरही रात्री उत्तर देणारी सेवा असते. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलत असेल तर ९८८ हा क्रमांक आहे. भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सल्ला घेणे मला समजते, कारण तिथे तेव्हा सकाळ असते आणि ते आपल्या भाषेत बोलतात. पण छातीत दुखत असताना आधी ९११, मग पुण्याचे डॉक्टर, हा क्रम उलटू नये.

‘इमर्जन्सी’ अशी पाटी असलेले एक छोटे केंद्र जवळ आहे. ते अर्जंट केअरच ना?

पाटी नीट वाचावी. रुग्णालयापासून सुटी अशी ईआर केंद्रे अनेक राज्यांत आहेत. टेक्सासमध्ये ती विशेष दिसतात आणि तिथे त्यांना परवाने देणारा कायदा २००९ मध्ये झाला. दुकानांच्या रांगेत असल्याने ती अर्जंट केअरसारखी भासतात, पण बिल ईआरचे येते. सीटी स्कॅन आणि रक्ततपासण्या तिथे असतात. भरती करायचे ठरले तर मात्र ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे हलवावे लागते. ताप आणि घशासाठी तिथे गेलेली कुटुंबे नंतर कळवळतात.

अर्जंट केअरमधून ईआरला पाठवले, तर दोन्हीकडचे पैसे भरावे लागतात का?

हो, बहुधा भरावे लागतात. म्हणून निघण्यापूर्वी अर्जंट केअरला फोन करून ‘वय बहात्तर, मधुमेह आहे, पोटात उजवीकडे दुखतंय, तुम्ही पाहाल का?’ असे विचारावे. पाठवलेच तर ईसीजीचा कागद आणि तपासणीची नोंद मागून घ्यावी, आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावण्याचा आग्रह धरला तर वाद घालू नये.

ईआरमध्ये आमच्या नंतर आलेल्यांना आधी का घेतात?

तिथे रांग आल्याच्या क्रमाने नसते. नर्स पहिल्या काही मिनिटांत रुग्णाला एक ते पाच यांपैकी एक श्रेणी देते; एक म्हणजे आत्ता, याच क्षणी. चार किंवा पाच श्रेणीच्या माणसाला चार-पाच तास बसावे लागणे नवलाचे नाही, आणि एका अर्थी ती चांगली बातमी आहे. बसलेले असताना काही बिघडले तर मात्र संकोच न करता खिडकीपाशी जाऊन सांगावे. श्रेणी बदलता येते.

विमा नाही किंवा पाहुण्यांचा विमा आहे. ईआर परत पाठवील का?

१९८६ च्या एम्टाला कायद्यानुसार मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचे, पैसे घेणाऱ्या रुग्णालयाच्या ईआरला, म्हणजे जवळपास सर्वच रुग्णालयांना, येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावी लागते आणि जिवाला धोका असेल तर प्रकृती स्थिर करावी लागते. पैसे, विमा किंवा नागरिकत्व यांवरून ती नाकारता येत नाही. स्वतंत्र अर्जंट केअरला हा कायदा सहसा लागू नाही. तिथे आधी कार्ड मागतात. तपासणी मोफत होते असा याचा अर्थ नाही. बिल नंतर येते, आणि विमा नसेल तर अर्जंट केअरचे शेकड्यांत तर ईआरचे हजारांत येते.

इथल्या नोकरीतून मिळालेल्या विम्याला २०२२ पासून नो सरप्राइझेस कायदा लागू आहे: तातडीच्या उपचारांत रुग्णालय नेटवर्कबाहेरचे, म्हणजे आपल्या विमा कंपनीशी करार नसलेले, असले तरी नेटवर्कच्याच दराने आपला वाटा भरावा लागतो. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स या कायद्यात येत नाही. शिवाय विमा कंपनीने अंतिम निदान पाहून नव्हे, तर त्या वेळची लक्षणे शहाण्या माणसाला गंभीर वाटली असती का, हे पाहून पैसे द्यावेत असा नियम आहे. छातीतले दुखणे शेवटी ॲसिडिटी निघाले म्हणून दावा फेटाळला तर अपील करावे.

पाहुण्यांच्या प्रवासी विम्याला हे संरक्षण नाही. तो घेतानाच पाहावे की प्रत्येक उपचारामागे ठरावीक रक्कम देणारा आहे की एकूण खर्चाचा मोठा वाटा उचलणारा. पहिला स्वस्त असतो आणि ईआरच्या बिलापुढे तो फारच तोकडा पडतो. आधीपासून असलेल्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर काही पॉलिसी पैसे देतात, पण चोवीस तासांच्या आत उपचार घेतले असतील तरच. ‘उद्या बघू’ म्हणून थांबलेले कुटुंब इथे दोन्ही बाजूंनी नाडले जाते. बिल आले की भरण्याआधी प्रत्येक बाबीची तपशीलवार प्रत मागावी, आणि रुग्णालय विना-नफा तत्त्वावरचे असेल तर आर्थिक साहाय्याचा अर्ज मागावा. असे लेखी धोरण ठेवणे त्यांना बंधनकारक आहे, आणि पहिल्या बिलापासून किमान २४० दिवस अर्ज स्वीकारावा लागतो. पाहुणे त्यात बसतात की नाही, हे त्या रुग्णालयाच्या धोरणावर ठरते.

निघताना बरोबर काय घ्यावे?

पारपत्राची प्रत, विम्याचे कार्ड, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र, फोनचा चार्जर आणि सर्व औषधे. औषधांची नुसती यादी नको; पट्ट्याच एका पिशवीत घालून न्याव्यात. इकोस्प्रिन, ग्लायकोमेट, क्रोसिन ही नावे इथल्या संगणकात सापडत नाहीत, पण पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली मूळ नावे नर्सला लगेच कळतात. अर्धी पट्टी कापून ठेवायची सवय असेल तर नाव असलेला अर्धा भाग ठेवावा. गूळवेल, काढा, वैद्यांच्या पुड्या आणि कोणी दिलेले भस्म यांविषयीही विचारल्याशिवाय सांगावे. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्यांचे अर्थ त्यावर बदलतात. घरी परतताना जो कागदांचा गठ्ठा हाती देतात, त्यात कोणती लक्षणे दिसल्यास परत यावे हे एका पानावर लिहिलेले असते. दुभाषी फोनवर असतानाच ते पान मोठ्याने वाचून घ्यावे.